अधिक बावीस

गाडी बंद पडली होती आणि रावजी हात हुंगत होता. झालं ते एवढंच. रत्नागिरीच्या उद्यमनगरातल्या त्याच्या गॅरेजसमोर, सकाळच्या कोवळ्या उन्हात, मासूमाची पांढरी गाडी धापा टाकत उभी होती. रावजीने नेहमीसारखा सायलेन्सरच्या तोंडाशी उजवा तळवा धरला, डोळे मिटले, तळवा नाकाशी नेला आणि जाणकारासारखी मान हलवली. तेवढ्यात, हात खाली आणि हात वर यांच्या मधल्या कुठल्यातरी क्षणी, इंजिनाने मुकाट जीव सोडला होता. समोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये कटर किंचाळत होता, त्यामुळे आजूबाजूला कोणाला कळलं नाही. मासूमाला कळलं, कारण ती स्टिअरिंगवर बसली होती. तिने काच खाली करून डोकं बाहेर काढलं आणि म्हणाली, "रावजीदादा, गाडी बंद आहे हो. काय हुंगताय?" रावजी हसला. "सवय गो बाय. हात आपला आपणच जातो," म्हणाला. मासूमाही हसली. पण हसता हसता तिने त्याच्याकडे एकदा नीट बघितलं, आणि ते बघणं रावजीच्या मनात रुतलं. दुसरं कोणी असतं तर त्याने ते झटकून टाकलं असतं. ही वजीरउस्तादांची मुलगी होती.

वजीरउस्ताद म्हणजे राजिवड्याचे. सावर्ड्याहून मिसरूड न फुटलेला रावजी पत्र्याची ट्रंक घेऊन रत्नागिरीत उतरला, तेव्हा त्याला पहिला पाना त्यांनी हातात दिला. आणि पाना देण्याच्या आधी, खरं तर, नाक दिलं. कार्ब्युरेटरच्या गाड्या तेव्हाच्या. एक बारीक स्क्रू पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे, आणि हवा-पेट्रोलचं जमलं की नाही ते कानाने ऐकायचं, नाकाने नक्की करायचं. उस्ताद सायलेन्सरशी तळवा धरायचे, हुंगायचे आणि रावजीच्या नाकाखाली धरायचे. "बघ. गोडूस लागतोय ना? पेट्रोल जास्त. आता बघ, डोळ्याला झोंबलं? हवा जास्त." आणि मग तो तिसरा वास, ज्याला नाव नव्हतं, ज्यात गोडवा नाही आणि झोंबणंही नाही, तो आला की उस्ताद एकच शब्द बोलायचे: "बसली." गिऱ्हाईक तो शब्द ऐकल्याशिवाय गाडी हलवत नसे. उस्ताद गेले, शब्द रावजीकडे आला. मंडणगडापासून राजापूरपर्यंत लोक सांगायचे, रावजीने हात हुंगला आणि बसली म्हणाला की डोळे मिटून गाडी हाका. पुढे इंजेक्शनच्या गाड्या आल्या, स्क्रू गेला, कॉम्प्युटर आला, तरी रावजीचं हुंगणं गेलं नाही. गिऱ्हाइकाला ते हवं असायचं, आणि रावजीलाही.

आता त्याला वास येत नव्हता. कसलाच नाही. सगळ्या जगाला ताप आला त्या वर्षी रावजीलाही आला. ताप उतरला, खोकला गेला, बाकीच्यांची नाकं महिन्या-दोन महिन्यांत परत आली, रावजीचं आलं नाही. आज येईल, उद्या येईल म्हणता म्हणता दोन वर्षं सरली. कोकमाची आमटी नुसती आंबट, सुके बोंबील नुसते खारट, आणि पाण्यालाही काही एक वास असतो हे तो गेल्यावरच कळलं. माघ चालू होता, नाचणे गावाच्या रस्त्याला दुतर्फा कलमं मोहरली होती, दुकानात चहा पिणारा माणूसही म्हणायचा, "काय वास सुटलाय मोहराचा!" आणि रावजी म्हणायचा, "हो ना!" हे 'हो ना' म्हणण्यात तो भलता तरबेज झाला होता. कोणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. मेकॅनिकचं नाक गेलं हे गावभर व्हायला कितीसा वेळ लागतो? आणि हात मात्र जात राहिला, खाली, वर, मान हलवणे, बसली. गाड्या नव्या होत्या, कॉम्प्युटर आपलं आपण सांभाळून घेत होता, म्हणून झाकलं गेलं. पण प्रत्येक वेळी तळवा नाकाशी नेताना आत कुठेतरी लाज वाटायची, देवळात नुसतेच ओठ हलवणाऱ्यासारखी. आज बंद गाडीचा धूर हुंगल्यावर ती लाज चांगलीच वर आली.

"गेल्या आठवड्यात तुम्ही बसली म्हणालात," मासूमा किल्ली त्याच्या हातात देत म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, हेच वाईट होतं. "दोन दिवस बरी चालली. मग परत तेच. सिग्नलला उभी राहिली की थरथरते, बंद पडते. काल आरे-वारेच्या चढाला मध्येच दम सोडला. मागे सासूबाई, बाजूला पाहुण्यांच्या जेवणाचे डबे. हँडब्रेक ओढून बसले आणि अल्लाचं नाव घेतलं." तिचा नवरा कुवेतला, आरे-वारेच्या पलीकडे नेवऱ्यात ती पर्यटकांना राहायला खोल्या देते, जेवण घालते, आणि त्या घाटातून दिवसातून चारदा ये-जा करते. "दादा, होत नसेल तर सांगा हो. कोल्हापूरला नेईन. तुमच्यापाशी काय लाजायचं?" ती रिक्षाने बाजारात गेली. रावजी किल्ली मुठीत धरून उभा राहिला. माझ्यापाशी लाजू नका असं ती म्हणाली की तुमच्यापाशी मी लाजत नाही असं, हे त्याला नीट कळेना.

आणि नेमका आजचाच दिवस. सागर म्हणून एक पोरगा शेजारी मोबाइलचं दुकान चालवतो, चांगला पोरगा. त्याला रावजीचा गाळा हवा होता. "काका, तुम्ही ओमकारकडे पुण्याला जाणारच म्हणता, तर मला द्या. घाई नाही, पण एकदा हो की नाही सांगा." रावजीने सांगून ठेवलं होतं, आज संध्याकाळी सांगतो. ओमकार म्हणजे मुलगा, तोही कधीपासून मागे लागला होता, बाबा आता पुरे. रावजीला पुरे म्हणायचं नव्हतं. वाकून वाकून कंबर गेली असती, डोळे गेले असते, तर त्याने मुकाट्याने शटर ओढलं असतं. पण नाक गेलं म्हणून? ज्याने आयुष्यभर हात हुंगून भाकरी मिळवली त्याने हात हुंगायचं नाटक करत किती दिवस काढायचे? रात्री कूस बदलताना त्याने स्वतःशी ठरवलं होतं: आता जी गाडी अडेल ती नाकाशिवाय सुटली तर राहायचं. नाही सुटली तर सागरला किल्ली. आणि अडली ती उस्तादांच्या पोरीची गाडी. देवही माणसाची चेष्टा करतो ती अशी, घरातल्या माणसासारखी.

त्याने स्टिअरिंगखाली ओमकारने पाठवलेला स्कॅनर खुपसला आणि मोबाइल बॉनेटवर टेकवला. आकडे आले. त्या आकड्यांशी त्याचं कधी जमलं नव्हतं. काय चाललंय ते माहीत होतं, म्हणजे पुस्तकाप्रमाणे माहीत होतं: आत जाणारी हवा फिल्टरपाशी एक गरम तार मोजते, त्या हिशोबाने कॉम्प्युटर पेट्रोल सोडतो, आणि जळून बाहेर पडणाऱ्या धुरात ऑक्सिजन सेन्सर बसलेला असतो, तो हुंगून सांगतो, जमलं की नाही. गाडीला नाक असावं आणि आपल्याला नसावं, याचा रावजीला मनातून राग होता. मग पेट्रोलच्या हिशोबाचे दोन आकडे: शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म. शॉर्ट टर्म सारखा हलतो, क्षणाक्षणाला. लाँग टर्म सावकाश चढतो, सावकाश उतरतो. आणि मासूमाच्या गाडीचा लाँग टर्म होता अधिक बावीस. गेल्या आठवड्यातही तेवढाच होता. तेव्हा रावजीने तो बघितला आणि लगेच म्हणाला होता, पेट्रोल जास्त जातंय. त्यात विचार करण्यासारखं काही वाटलंच नव्हतं. पीयूसीच्या मशीनवर सगळी हयात गेली. तिथे आकडा चढला की धूर जाड, पेट्रोल जास्त, हे कोणीही सांगेल. अधिक म्हणजे अधिक. त्याने ऑक्सिजन सेन्सर बदलला, इंजेक्टर धुतले, स्कॅनरमधून जुनी नोंद पुसली, आणि पुसल्यावर आकडा शून्य झाला. शून्य बघून त्याला केवढा आनंद झाला होता! तळवा धरला, हुंगला, बसली म्हणाला. आता नवा कोरा सेन्सर आत होता, इंजेक्टर स्वच्छ होते, आणि आकडा पुन्हा बावीसवर येऊन बसला होता.

पेट्रोल जास्त असतं तर धुराच्या नळीत काजळी हवी. त्याने सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवलं. बोट जवळजवळ कोरं. एक प्लग काढला. प्लग काळा हवा. हा फिकट, राखेसारखा. हे कसं काय बुवा? उस्ताद असते तर एका हुंगण्यात सांगून मोकळे झाले असते, आणि त्याचं स्वतःचं नाक असतं तर तोही झाला असता. त्याने रेस दिली, इंजिन वर गेलं, हलणारा आकडा खाली आला. रेस सोडली, पुन्हा वर. उभ्या गाडीला जास्त, पळत्या गाडीला कमी. उलटंसुलटं. तो कितीतरी वेळ त्या पडद्याकडे बघत राहिला, आणि त्याला वाटलं, हे आपल्याला येत नाही. कधी येतच नव्हतं. आपल्याला फक्त वास येत होता. कटर थांबला होता. दुपार झाली होती. तो हात पुसून जेवायला घरी निघाला, नाचणे गावात, चालत, आणि चालता चालता सागरला काय शब्दांत सांगायचं ते जुळवत राहिला.

मागच्या दाराने जायची त्याची जुनी रीत. केळीच्या बुंध्यापाशी जांभ्या दगडाची फरशी, तिथे पाय धुवायचे, सदरा दोरीवर टाकायचा, मग आत. सदरा बाहेर टाकायची पद्धत त्याच्या बायकोने, तुळसाने, अलीकडे घातली होती. अलीकडे म्हणजे कधीपासून, हा प्रश्न त्याला कधी पडला नव्हता; त्याला ते तिचं सोवळं वाटायचं. त्याने पायावर तांब्या ओतला. आत चुलीपाशी तुळसा होती आणि पायरीवर शेजारची कमळा कुळीथ पाखडत बसलेली असावी, तिचा आवाज आला. "अगो तुळसा, किती गो तो मसाला! चमच्यावर चमचे ओतत्येयस. भावोजींना एवढं तिखट लागतं?"

"तिखट कसलं लागतंय," तुळसा म्हणाली. "वासच येत नाही त्यांना. तापापासून. वास नाही तर चव कुठली? अळणी लागतं सगळं."

"बोलले तुला?"

"ते कसले बोलतात! मी काय आंधळी आहे? दूध माझ्यासमोर उतू जाऊन करपलं आणि हे बाजूला पेपर वाचत बसलेले. पेट्रोलने भिजलेला सदरा अंगात घालून देवापाशी निरांजन लावायला निघाले. तेव्हापासून सदरा बाहेर, काड्यापेटी माझ्या कमरेला. जेवताना घास तोंडात घोळवत बसायचे, केविलवाणे. म्हणून आधी पानात वाढल्यावर वरून मसाला घालायची, त्यांचं तोंड बघून, कधी कमी कधी जास्त. मग म्हटलं रोज काय ते? आता फोडणीतच घालते."

कमळा हसली. "आणि बाहेरचा कोणी तुझा मसाल्याचा डबा बघेल तर म्हणेल, काय मेली तिखट खाणारी माणसं!"

रावजीच्या हातातला तांब्या तसाच राहिला. पहिल्यांदा मनात आलं ते, हिला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. दोन वर्षं आपण हिच्यासमोर 'हो ना' म्हणत होतो, मोहर सुटलाय, हो ना, आमटी बरी झालीय, हो ना, आणि ही मुकाट्याने सदरे उचलत होती, काड्यापेटी कमरेला लावत होती. आणि त्या विचाराच्या पाठोपाठ, त्याला धक्का देतच, दुसरा आला. बाहेरचा कोणी डबा बघेल तर. डब्यातून जास्त जातंय. पण ताटात? ताटात कमी पडतंय म्हणून तर जातंय! अधिक बावीस हे ताटात काय आहे ते सांगतच नाही मुळी. वाढणाऱ्याचा हात किती जास्त ओततोय ते सांगतं. गाडीचं नाक ओरडून सांगतंय, कमी आहे, अळणी आहे, आणि कॉम्प्युटर बिचारा ओततोय, ओततोय. आधी वरवर, तोंड बघून, तो शॉर्ट टर्म. मग अंगवळणी पडल्यावर फोडणीतच, तो लाँग टर्म. आणि मी गाढव, शेजारच्या कमळासारखा पायरीवर बसून म्हणालो, काय मेली तिखट खाणारी गाडी. पेट्रोल जास्त नव्हतंच. हवा जास्त होती! म्हणून प्लग फिकट. म्हणून बोट कोरं. "अरे तुझ्या!" रावजी मोठ्याने म्हणाला.

"कोण गो?" आतून तुळसाने विचारलं. पण रावजीने ओल्या पायांतच चपला सरकवल्या होत्या आणि तो फाटकाबाहेर पडला होता. जेवायचं राहिलं, हे त्याच्या लक्षातही आलं नाही. उन्हात झपाझप चालताना विचार आपोआप पुढे पळत होते, त्याला नुसतं त्यांच्या मागून जायचं होतं. कमी पडतंय, ठीक. पण काय कमी? पेट्रोलच कमी येतंय, पंप थकलाय, असं असेल तर जेवढी रेस वाढवावी तेवढी टंचाई वाढेल, आकडा चढेल. इथे तर रेस दिली की उतरतो. म्हणजे पेट्रोल पुरेसं आहे. हवाच कुठून तरी शिरतेय, त्या गरम तारेला चुकवून, मागच्या दाराने. दोघांसाठी भात टाकलेल्या घरात एक आगंतुक जेवायला बसला तर सगळ्यांच्या पोटाला चिमटा; लग्नाच्या पंगतीत तो एक बसला तर कोणाला कळतंय? उभ्या गाडीला हवा थोडी लागते, तिथे चोरट्या हवेचा वाटा मोठा. पळत्या गाडीत ती हरवून जाते. उलटंसुलटं काही नव्हतंच. सगळं सरळ होतं, आणि ते आकडे गेला आठवडाभर ओरडून ओरडून हेच सांगत होते. माळनाक्याला त्याला कोणीतरी हाक मारली, त्याने नुसता हात वर केला.

गॅरेजात आल्यावर मात्र तो शांत झाला. असा शांतपणा त्याला फार दिवसांत लाभला नव्हता. त्याने गाडी चालू केली, मोबाइल समोर ठेवला आणि बॉनेटखाली वाकून एकेक रबरी पाइप बोटांनी चिमटत गेला. एक चिमटला, आकड्याला काही नाही. दुसरा, काही नाही. बोटांना जुनी ओळख होती. कुठला पाइप उन्हाने कडक झालाय, कुठला तेलाने फुगलाय, ते बोटं आपणच सांगत होती. मग इंजिनाच्या डोक्याकडून खाली जाणारा, कोपरासारखा वळलेला अंगठ्याएवढा पाइप त्याने हवा इंजिनात ओढली जाते त्या खालच्या टोकाशी चिमटला, आणि थरथरणारं इंजिन एकदम सावरलं. थरथर थांबली. त्याने मान वळवून बघितलं. शॉर्ट टर्म धाडकन मायनसमध्ये उतरला होता. बावीस तसाच होता, पण हलणारा आकडा म्हणत होता, बस बस, पुरे, आता जास्त होतंय. सवयीने ओतणारा हात आणि त्याला थांबवणारं नाक, दोन्ही एकाच वेळी दिसत होतं! रावजीने बोट सोडलं, थरथर. पुन्हा चिमटलं, शांत. सोडलं, चिमटलं. कोणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, म्हातारा खेळतोय. खेळतच होता. पाइप उपसून उलटा केला तर कोपराच्या आतल्या अंगाला, वरून कधीही दिसली नसती अशी, खाऱ्या हवेने खाल्लेली लांब भेग. ही भेग कुठल्याही नाकाने सापडली नसती. उस्तादांच्यासुद्धा नाही. उस्ताद सांगू शकले असते, हवा जास्त आहे. कुठून येतेय ते त्यांनाही शोधत बसावं लागलं असतं. "उस्ताद," रावजी त्या पाइपाला म्हणाला, "बघा तरी."

नवा पाइप बसवून क्लिपा आवळतोय तोच रिक्षा थांबली आणि तुळसा उतरली, एका हातात डबा, दुसऱ्या हातात पदर. "दाराशी येऊन पाय धुऊन परत गेलात? दगड ओला, तांब्या आडवा, आणि माणूस नाही! काय झालं काय?" तिचा श्वास फुलला होता. तिने आवाज खाली आणला. "ऐकलंत का तुम्ही? मी कमळाला उगाच..."

"ऐकलं," रावजी म्हणाला. त्याला पुष्कळ बोलायचं होतं. "गाडीत बस," एवढंच बोलला.

मासूमाही बाजारातून पिशव्या घेऊन आली होती. तिला त्याने स्टिअरिंगवर बसवलं, स्वतः बाजूला बसला, तुळसाला मागे, आणि मोबाइल तिच्या हातात दिला. "हा हलतोय तो सोड. हा बावीस आहे ना, तो बदलला की वाच. मोठ्याने." तुळसाने कपाळाला आठी घातली, पण वाचायला लागली. गाडी शहराबाहेर निघाली, काळबादेवी मागे पडली. "एकवीस," तुळसा म्हणाली. "एकोणीस." रावजी समोरच्या रस्त्याकडे बघत होता आणि कान मागे होते. त्याला माहीत होतं काय चाललंय ते. आता पुस्तकाप्रमाणे नाही, अंगातून माहीत होतं. हात सवय सोडतोय. इतके दिवस ओतत होता, आता लागत नाही हे त्याला हळूहळू पटतंय. यावेळी त्याने नोंद पुसली नव्हती. पुसून शून्य करायला काय अक्कल लागते? आकडा आपला आपण उतरू दे. "पंधरा. अहो, बारा!" तुळसाला आता गोडी लागली होती. "मासूमाबाय, जरा जोरात घे गो, उतरतंय बघ!" आणि मासूमा हसत होती. आरेचा किनारा डाव्या हाताला उघडला, वाळू, सुरूची झाडं, आणि मग तो चढ, जिथे काल तिने हँडब्रेक ओढला होता. तिचे हात स्टिअरिंगवर घट्ट झाले. "रेस दे," रावजी म्हणाला. तिने पाय दाबला आणि गाडी एकदाही न कचरता वर चढली, अशी की तुळसा मागच्या सीटला टेकली आणि ओरडली, "चार! तीन!" वळण, खाली लाटा, पुन्हा वळण. "एक! शून्य! परत एक. आता शून्य. अहो, हे हलतंय."

"हलू दे! हलू दे त्याला!" रावजी म्हणाला, आणि त्याच्या लक्षात आलं की आपण ओरडतोय, मांडीवर थापा मारतोय, आणि आपल्या डोळ्यांतून पाणी येतंय. इतका आनंद त्याला ओमकार झाला तेव्हा झाला होता. मध्ये कधी झाल्याचं आठवेना.

घाटमाथ्यावर, जिथून आरे आणि वारे दोन्ही पुळणी दिसतात, तिथे मासूमाने गाडी कडेला घेतली आणि चालूच ठेवली. इंजिन इतकं एकसारखं चालत होतं की कान देऊन ऐकावं लागत होतं. सकाळपासून कोणी जेवलं नव्हतं. तुळसाने कठड्यावर डबा उघडला, भाकरी आणि बांगड्याचं कालवण, आणि मासूमाच्या हातावर आधी घास ठेवला. मासूमाने तो तोंडात टाकला आणि दोन्ही हात हलवायला लागली. "अल्ला! तुळसाकाकू, हे काय आहे? केवढं तिखट! पाणी, पाणी द्या!" तुळसा ओशाळली, तिने रावजीकडे बघितलं. रावजीला हसू आवरेना. पण हसता हसता त्याला दिसलं, की तुळसाही घास पाण्याबरोबर गिळत होती, डोळे पुसत, चोरून, आणि हे ती गेली दोन वर्षं रोज करत आलेली असणार. घरात एकच पातेलं शिजतं.

"तुळसा, उद्यापासून तुला सोसेल एवढंच घाल," तो म्हणाला.

"मग तुम्हाला लागेल कसं?"

"नाही लागलं तर नाही लागलं. तुला विचारीन कसं झालंय, तू सांग."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. सागर होता. संध्याकाळ व्हायची होती, पण पोराला धीर नव्हता. "सागर," रावजी म्हणाला, "दुसरीकडे बघ रे बाबा. हा गाळा रिकामा होत नाही. मी मरेपर्यंत तरी नाही, आणि मला काही घाई नाही." पलीकडे पोरगा हसला, म्हणाला, काका, आवाज केवढा चढलाय तुमचा! तुळसाने डब्याचं झाकण लावलं आणि ते दोनदा उघडून पुन्हा लावलं.

"आता हुंगा हो दादा," मासूमा पाण्याची बाटली खाली ठेवत म्हणाली. "यावेळी चालू आहे." ती चेष्टा करत होती, आणि करतही नव्हती. बापाची पोर होती; तिला तो शब्द ऐकल्याशिवाय घरी जायचं नव्हतं.

रावजी उठला. सायलेन्सरशी वाकला, तळवा धरला. ऊब लागली. हात वर येऊ लागला, सवयीने, आणि अर्ध्यावर त्याने तो थांबवला. "मासूमाबाय," तो म्हणाला, "माझं नाक गेलंय. त्या तापात गेलं, परत आलंच नाही. गेल्या आठवड्यात बसली म्हणालो ते खोटं होतं. गाडी मी दुरुस्त केलीय, आज, आणि आकड्यांवरून केलीय. पण हुंगायचं असेल तर ही हुंगेल." आणि त्याने तुळसाचा हात धरून सायलेन्सरशी नेला. मासूमाने डोक्यावरची ओढणी सारखी केली आणि वाट बघत उभी राहिली, पूर्वी बापासमोर गिऱ्हाइकं उभी राहायची तशी.

तुळसाने संकोचत तळवा नाकाशी नेला. "गोडूस येतोय का?" रावजीने विचारलं. "नाही." "डोळ्याला झोंबतंय?" "नाही हो." "मग कसला येतोय?" तिने पुन्हा हुंगलं, यावेळी डोळे मिटून. "ओल्या कपड्यावर इस्त्री फिरवली की येतो ना," ती म्हणाली, "तसला." रावजीनेही डोळे मिटले. ओला कपडा, गरम इस्त्री. हा तोच तिसरा वास. इतकी वर्षं त्याला नाव नव्हतं, आणि हिने पहिल्याच खेपेला दिलं. खाली वारेच्या पुळणीवर लाट फुटल्याचा आवाज आला. त्याने डोळे उघडले तेव्हा तुळसा तळवा तसाच धरून त्याच्याकडे बघत होती. "आता काय म्हणायचं असतं?" तिने विचारलं, जसं काही तिला माहीतच नव्हतं.

"तुला ठाऊक आहे."

तुळसाने मासूमाकडे बघितलं, मग चालत्या गाडीकडे, आणि पदराला हात पुसत, तीस वर्षं दुसऱ्याच्या तोंडून ऐकलेला तो शब्द ती मोठ्याने म्हणाली. "बसली."